दोन कागद

देवळाली कॅम्पात तोफखान्याचा सराव सुरू असला की आमच्या चर्चच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवखा माणूस दचकतो, आम्ही प्रार्थना चालू ठेवतो. २००८ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी ती अशीच वाजत होती. मंडळीच्या पंचांची बैठक बसली होती. मी मंडळीची चिटणीस. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला मी सांगत होते की मुलाचा कागद आधी दुरुस्त करून आणा, मग देवाच्या घरात त्याचं लग्न लागेल. त्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी, हे आम्हा सात जणांपैकी कोणालाही सुचलं नाही.

मी बरोबर आहे याची तेव्हा मला पूर्ण खात्री होती. आज ती नाही. ती कशी गेली, ते लिहायला बसले आहे. जायला तिला सतरा वर्षं लागली, आणि त्यातली पहिली आठ वर्षं तर मी या गोष्टीचा विचारसुद्धा केला नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं हयात आहेत, म्हणून त्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माझं स्वतःचं काही गाळलेलं नाही.

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या त्या माणसाला सगळी मंडळी मामा म्हणायची. नगर जिल्ह्यातून तरुणपणी कॅम्पात आले, लॅम रोडकडच्या जुन्या बंगल्यांतून माळीकाम करत राहिले. रविवारी पहाटे येऊन चर्च झाडायचं, सतरंजी अंथरायची, साडेआठला पहिली घंटा आणि नऊला दुसरी. बावीस वर्षं. सतरंजी लांबच लांब, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. बाक कमी पडायचे म्हणून बायका-मुलं तिच्यावर बसत. ती अंथरायची मामांची एक रीत होती. वेदीच्या बाजूने सुरुवात करून दाराकडे उलगडत यायचं आणि मग अनवाणी पायाने एक-एक सुरकुती दाबत परत जायचं. माझ्या संडे स्कूलच्या मुलांना त्या सुरकुत्या दाबायला फार आवडायचं.

मामांचे वडील गावातच मिशनच्या पाळकाकडून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले. मामांचा बाप्तिस्मा तान्हेपणीचा. पण गावच्या शाळेत नाव घालताना मास्तरांनी दाखल्यावर ‘हिंदू – महार’ असं लिहिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यांनी मास्तरांशी वाद घातला असता असं मला वाटत नाही. मामांच्या दाखल्यावरून मुलाचा दाखला झाला, त्यावरून जातीचं प्रमाणपत्र, मग पडताळणी, आणि २००५ साली मुलगा राखीव जागेवर सरकारी खात्यात लिपिक लागला. पोरगा दर रविवारी उपासनेला यायचा, नाताळात गाणी बसवायचा, आणि कचेरीत सर्व्हिस बुकात हिंदू होता.

हे आमच्या समाजात काही जगावेगळं नाही. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नव्हता. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, १९९० मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नगर, नाशिक, औरंगाबाद, जालना या भागांतल्या कितीतरी घरांत तेव्हापासून दोन नोंदी चालत आल्या आहेत, एक चर्चच्या रजिस्टरात आणि एक शाळेच्या. सगळ्यांना माहीत असतं. कोणी बोलत नाही.

मी बोलले. लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागणार, रजिस्टरात नवरामुलगा ख्रिस्ती म्हणून नोंदला जाणार, आणि तोच मुलगा सरकारदरबारी हिंदू. मी म्हटलं, हे खोटं आहे आणि या खोट्यावर पाळकसाहेबांनी सही करावी असं आपण त्यांना सांगू शकत नाही. होय तर होय आणि नाही तर नाही, ही प्रभूची शिकवण मी मुलांना पाठ करून घेते. तीच मी पंचांपुढे ठेवली. पुढे आणखी एक वाक्य बोलले. “उद्या कोणी तक्रार केली तर मंडळीने काय उत्तर द्यायचं?” त्या वाक्यात धमकी होती. मी ती धमकी म्हणून बोलले नव्हते, पण मामांना ती तशी ऐकू आली, आणि खरं सांगायचं तर ती तशी ऐकू जावी असं मला त्या क्षणी वाटत होतं.

मामा एवढंच म्हणाले, “बाई, पोराची नोकरी गेली तर त्यानं काय खायचं, तेबी लिहून द्या.”

ते मिनिटबुकात लिहिण्याजोगं नाही, असं मी मनाशी ठरवलं. ठराव झाला. दुसऱ्या रविवारी मामा आले, झाडलं, सतरंजी अंथरली, घंटा दिली. उपासना संपल्यावर माझ्या टेबलावर चर्चची किल्ली ठेवली. किल्लीशेजारी चौदा रुपये ठेवले. फिनेल आणायला दिलेल्या पैशांतले उरलेले.

लग्न मुलीच्या गावी झालं. मामा पुन्हा आले नाहीत.

आता दुसरा कागद. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मी विहितगावकडचा वडिलांचा प्लॉट विकला. सौदा अठरा लाखांचा. घेणाऱ्याने सांगितलं, कागदावर अकरा दाखवू, सात रोख देतो. मी विचारलं, असं चालतं का? दलाल म्हणाला, मॅडम, असंच चालतं. माझ्या भावाने मान डोलावली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत सकाळपासून बसलो, तिसऱ्या प्रहरी नंबर लागला. अंगठा दिला, कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला. समोरच्या माणसाने विचारलं, दस्तात लिहिलेली किंमत मान्य आहे का, पूर्ण रक्कम मिळाली का? मी हो म्हटलं. मला आठवतं, माझा आवाज अगदी नेहमीचा होता. वर्गात हजेरी घेताना असतो तसा. सात लाख खाली गाडीत, भाजीच्या कापडी पिशवीत होते.

त्या सात लाखांचा दशांश मी काढला. सत्तर हजार रुपये चर्चची फरशी बदलायला दिले. पंचांनी आभाराचा ठराव केला, पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नाव घेतलं. रक्कम मोठी असल्याने ती कुठून आली हे बहुतेकांना ठाऊक होतं आणि व्यवहार कसा झाला हेही ठाऊक होतं, कारण कॅम्पात प्लॉटचे भाव कोणापासून लपत नाहीत. मला कोणी टेबलापलीकडे उभं केलं नाही.

फेब्रुवारी आणि जून. मधे चार महिने. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं माझ्या मनात पुढची आठ वर्षं आलं नाही. यावर मी खूप विचार केला आहे. लबाडी लपवत होते म्हणून आलं नाही असं नव्हे. मला ती लबाडी वाटतच नव्हती. दस्तात कमी किंमत दाखवणं हा आमच्या ओळखीपाळखीत व्यवहार होता, आणि दाखल्यावर हिंदू असणं हे पाप होतं. पहिली गोष्ट मी आणि माझ्यासारखी माणसं करतात. दुसरी मामांसारखी माणसं करतात.

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांशी एकदा बोलणं निघालं. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, घर बौद्ध, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. त्यांचे आजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेला तो लढा पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हाही आजोबा तिथे होते. १९५६ ला वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. हे सगळं ते मला पूर्वीही सांगत. त्या दिवशी मी कशावरून तरी म्हटलं, आमच्यात काही लोक धर्म एक पाळतात आणि कागदावर दुसरा लावतात, मला ते अजिबात पटत नाही.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ताई, मी एकोणऐंशी साली पोस्टात लागलो. केंद्राची नोकरी. केंद्रात बौद्धांना सवलत नव्वद साली मिळाली. मग मी कोणत्या कागदावर लागलो असेन?”

मी काही बोलले नाही.

“हिंदू महार,” ते म्हणाले. “अकरा वर्षं. घरात वंदना म्हणायचो आणि फॉर्मात हिंदू लिहायचो. वडील दीक्षा घेतलेले, त्यांना हे किती लागायचं ते मला माहीत आहे. नव्वद साली कायदा बदलला, माझं खोटं संपलं. मी तोच होतो, ताई.”

त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी गाळणार नाही. ख्रिस्ती लोकांना त्या यादीत घेतलं तर आमचा वाटा कमी होईल, अशी भीती आमच्या लोकांत आहे आणि ती मलाही वाटते, असं ते म्हणाले. चहा संपला आणि ते उठले. हा माणूस मला काही पटवायला आला नव्हता, म्हणूनच त्याचं बोलणं माझ्या आत राहिलं.

त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कागदाचा विचार केला. माझ्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ आहे, वडिलांच्याही होतं. आजोबा साहेबांच्या मेसमध्ये खानसामा. मेमसाहेबांच्या ओळखीने वडिलांना मिशनच्या शाळेत घातलं, बोर्डिंगात ठेवलं, फी माफ. वडील मास्तर झाले, ते मिशनच्याच शाळेत. मला डी.एड.ला प्रवेश मिळाला त्यात पाळकाच्या शिफारसपत्राचा हात होता. म्हणजे आमच्या घरात ‘ख्रिश्चन’ हा शब्द कागदावर लिहिल्याने तीन पिढ्या फायदाच झाला. त्या शब्दासाठी आम्ही कधी काही मोजलं नाही. मामांनी तोच शब्द लिहिला असता तर त्यांच्या पोराला ते प्रमाणपत्र मिळालं नसतं, आणि ती नोकरी लागली नसती. एकच शब्द, आणि मी तो त्यांच्याकडून फुकट मागत होते.

आपल्याकडे धर्मांतराच्या मोठ्या गोष्टी सांगितल्या जातात त्या रेव्हरंड टिळकांच्या, पंडिता रमाबाईंच्या, बाबा पदमनजींच्या. त्यांनी मोठी किंमत दिली यात शंका नाही. घरदार तुटलं, माणसं तुटली. लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई कित्येक वर्षं वेगळी राहिली, नंतर एकत्र आल्यावरही सोवळं सांभाळत राहिली, आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाली. आपण आधी काय मानत होतो आणि ते कसं गळून पडलं, हे ‘स्मृतिचित्रे’त तिने जसं उघड लिहिलं आहे तसं लिहिण्याचं धैर्य मला हे मनोगत लिहिताना हवं होतं. पण नगर जिल्ह्यातल्या महारवाड्या-मांगवाड्यांतून जे हजारो लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आपली गोष्ट लिहिली. त्यांनी काय सोसलं त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, आणि १९५० नंतर तर तो हिशेब कायद्यानेच त्यांच्या खात्यावर मांडला.

सुसाई नावाच्या एका माणसाचा खटला मी नंतर वाचला. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा. तिथल्या चांभारांना सरकारने योजनेतून टपऱ्या दिल्या. हिंदू असलेल्यांना मिळाल्या, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. ख्रिस्ती झाल्यावरही त्याच जातीचा त्रास तेवढाच उरतो याचा पुरेसा पुरावा समोर आलेला नाही, असं कारण दिलं. तेच ऊन, तोच रस्ता, तीच आरी हातात, आणि पुरावा नाही.

पुरावा माझ्या घरात होता. माझ्या भाचीसाठी स्थळं बघत होतो तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार विचारून झाल्यावर मी फोनवर आवाज थोडा खाली आणून विचारत असे, “मूळचे कोण?” समोरचाही न दचकता सांगत असे. आमच्या मंडळ्यांतून हा प्रश्न अजून विचारला जातो. प्रभूच्या घरात जात नाही असं व्यासपीठावरून म्हणायचं, सोयरीक करताना मूळ विचारायचं, आणि मामांना कागद विचारायचा.

नामानाची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये तीस वर्षं शिकवली आहे. अरामी सैन्याचा सेनापती, कोडी. अलीशा त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगतो. तो आधी रागावतो, मग बुडी मारतो आणि बरा होतो. मुलं बोटांवर सात मोजतात. तिथे माझा पाठ संपायचा. २०१९ साली बदलून आलेल्या पाळकसाहेबांनी एका रविवारी त्याच्या पुढचा भाग वाचला. बरा झालेला नामान म्हणतो, यापुढे मी इस्राएलाच्या देवाखेरीज कोणाला भजणार नाही. पण एका गोष्टीची मला क्षमा असावी. माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, आणि तो वाकला की मलाही वाकावं लागतं. यावर अलीशा त्याला झापत नाही, अट घालत नाही, राजीनामा देऊन ये म्हणत नाही. त्याला शांतपणे निरोप देतो. एवढंच. पुस्तक पुढे सरकतं.

माझं पुस्तक मांडीवर उघडं होतं. तीस वर्षं ती ओळ त्याच पानावर होती आणि मी दर वेळी तिच्या आधी थांबले होते. मी जाणूनबुजून थांबले होते असं म्हणत नाही. ती मुलांना समजणार नाही असं वाटायचं. खरं म्हणजे ती मला नको होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मुलांना प्रेषितांच्या कृत्यांतला हनन्या आणि सप्पीरा यांचा पाठ द्यायचा होता. नवरा-बायको जमीन विकतात, किमतीतला काही भाग मागे ठेवतात आणि उरलेला पूर्ण किंमत म्हणून प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतात. पेत्र बाईला नेमका प्रश्न विचारतो: जमीन एवढ्यालाच विकलीत का? ती हो म्हणते. मी आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पाठाची तयारी करत होते. त्या प्रश्नाशी आले आणि मला दुय्यम निबंधकांच्या कचेरीतला तो दुपारचा पंखा आठवला, त्या माणसाने न बघता विचारलेला प्रश्न आठवला, आणि माझा तो हजेरीचा आवाज. मी तो पाठ दुसऱ्या दिवशी दिला नाही. बरं नाही म्हणून निरोप पाठवला. हेही खोटंच होतं.

मी एका सनदी लेखापालाकडे गेले. २००८ चा व्यवहार, सात लाख दाखवले नाहीत, आता काय भरू? ते चांगले गृहस्थ. म्हणाले, इतक्या जुन्या वर्षाचं विवरण आता भरता येत नाही, विसरून जा. म्हणजे कायद्याने माझी गोष्ट मिटवून टाकली होती. मुदत संपली होती. मामांच्या मुलाच्या कागदाला मात्र मुदत नाही. निवृत्तीच्या आदल्या दिवशी तक्रार आली तरी नोकरीवर गदा येऊ शकते. हा फरक मला तिथे, त्यांच्या कचेरीतल्या खुर्चीवर बसून कळला, आणि त्यानंतरही मामांकडे जायला मला पाच वर्षं लागली. मधे करोना आला, मी आजारी पडले, अशी कारणं आहेत. पण खरं कारण भीती होतं.

२६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. पुदुच्चेरीची एक तरुणी. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू असल्याचं सांगून अनुसूचित जातीचं प्रमाणपत्र मागत होती. न्यायालयाने ते नाकारलं, आणि केवळ आरक्षणासाठी असं सांगणं म्हणजे राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरेल असं म्हटलं. २००८ ची मी असते तर ते कात्रण बैठकीत वाचून दाखवलं असतं. आता वाचताना मला त्या मुलीचं वय किती असेल, घरी कोण असेल, हे प्रश्न पडत राहिले. याच न्यायालयात तिसऱ्या परिच्छेदालाच आव्हान देणारी याचिका २००४ पासून आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच धर्माची ही अट काढा असं सुचवलं. २०२२ मध्ये बाळकृष्णन आयोग नेमला. वीस वर्षांत एक मुलगी शाळेत जाऊन, शिकून, नोकरीच्या फॉर्मापर्यंत पोचते, आणि फॉर्मात तो रकाना तसाच असतो.

जानेवारीत मी मामांकडे गेले. भगूरच्या बाजूला दोन खोल्या. मामी कांदे निवडत होत्या. मामा खूप वाळले आहेत. मला पाहून उठायला लागले, मी म्हटलं, बसा. त्यांनी नातवाला हाक मारून माझ्यासाठी खुर्ची आणायला लावली. मी त्या खुर्चीवर बसू शकले नाही, खाली मामींशेजारी बसले. मी तयारी करून गेले होते, पण बोलताना सगळं उलटसुलट झालं. प्लॉटचंही सांगून टाकलं, सात लाखांचं, सत्तर हजारांचं. मामी निवडता निवडता थांबल्या. मी माफी मागितली.

मामांनी विचारलं, “सतरंजी हाये का अजून?”

आहे म्हटलं. पण आता खुर्च्या आल्यात, पुढच्या दोन ओळींपुरतीच अंथरतो.

“उन्हात टाकता का? पावसाळ्याआधी टाकायची. नाय तर वास धरती.”

मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. निघताना “सलाम, बाई” म्हणाले.

मेच्या शेवटी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. मोठी मुलगी दहावी झाली, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाला, “बाई, बाबांनी सांगितलं तुम्ही आला होतात. आता पोरीच्या फॉर्मात काय लिहू, ते तुम्हीच सांगा.” त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. माझी परीक्षा घेत होता असंही वाटलं नाही. त्याला खरंच कोणाला तरी विचारायचं होतं. कचेरीत वीस वर्षं झाली, घरात येशूचं चित्र आतल्या खोलीत लावतो, सहकारी घरी यायचे असले की मुलांना बजावून ठेवावं लागतं, हे त्याने सांगितलं. मोठी मुलगी आता विचारते, बाबा, आपण लपवतो का?

मी त्याला उत्तर दिलं नाही. पूर्वी मला उत्तर तोंडपाठ होतं. आजही मला ते खोटं खोटंच वाटतं. ते त्या घराला आतून पोखरतं आहे हे तो स्वतःच सांगत होता. माझं मत बदललं म्हणजे खोट्याला मी खरं म्हणायला लागले असं नाही. पण ते खोटं त्याने एकट्याने तयार केलेलं नाही. गावच्या मास्तरांपासून राष्ट्रपतींच्या आदेशापर्यंत कितीतरी हात त्या दाखल्यावर पडले आहेत, आणि त्यात माझाही एक आहे. ते सोडवायचं तर पहिला घाव फक्त त्या पोरीने का सोसावा?

मी दोन गोष्टी सांगितल्या. कागदावर काहीही असो, मंडळीत तुमचा कागद मी विचारणार नाही आणि दुसऱ्या कोणाला विचारू देणार नाही. आता मी चिटणीस नाही, पण बैठकीत बोलायचा हक्क मला अजून आहे. आणि कधी मुलीला स्वतःहून खरं लिहावंसं वाटलं, तर तिच्या शिक्षणाचा खर्च माझा. अठरा लाखांतले जे सात होते ते व्याजासह मी वेगळे काढून ठेवले आहेत. हे तिच्यावर उपकार नव्हेत आणि ही अटही नव्हे. तिने जे लिहायचं ते लिहावं, पैसे तसेही तिथेच आहेत.

त्याने फॉर्म पूर्वीसारखाच भरला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन दिवस वाटत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी मनातल्या मनात अजून त्या टेबलामागेच बसले आहे.

पुढच्याच बैठकीत मी २००८ चा तो ठराव मागे घ्यावा असा अर्ज दिला. तो सतरा वर्षं जुना, त्याला आता काय अर्थ, असं दोघे म्हणाले. मी मिनिटबुक काढून माझ्याच अक्षरातला ठराव वाचून दाखवला आणि त्यानंतर प्लॉटचं सांगितलं. खोलीत बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एक पंच उठून बाहेर गेले. ठराव मागे घेतला गेला, चार विरुद्ध दोन. मागे घेणाऱ्यांपैकी एकाने नंतर मला बाजूला घेऊन म्हटलं, बाई, प्लॉटचं सांगायची गरज नव्हती, आता बाकीच्यांचंही निघेल.

ऑगस्टच्या एका रविवारी मी लवकर गेले होते. रात्रभर पाऊस. सतरंजीला वास धरलाच होता. मी ती मेमध्ये उन्हात टाकायचं विसरले होते. वेदीपाशी एक टोक धरून मी उलगडत होते, आणि घडी मधेच वळून बसत होती. दाराशी छत्री मिटल्याचा आवाज आला. मामा उभे होते, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. चपला बाहेर काढल्या, पाय पुसले. काही न बोलता आत आले आणि सतरंजीचं दुसरं टोक हातात घेतलं.

“उलटी हाये,” म्हणाले. “पट्टा खाली गेलाय. फिरवा.”

मी फिरवली. नात पुढे आली आणि दाराच्या बाजूने अनवाणी पायाने सुरकुत्या दाबायला लागली.